तोट्यात धरता, मग वाट्यात का नाही?

चैत्र लागला की बारामती-इंदापूर पट्ट्यात जत्रांची रांग लागते. कन्हेरी असो, काटेवाडी असो की नीरा-भीमेच्या संगमाकडची गावे, जत्रा कमिटीची बैठक बसली की सुपारीचा विषय निघतोच. छबिन्यापुढे बँजो कुणाचा, रात्रीचा तमाशा कुणाचा, यावर गावात दोन-दोन दिवस खल चालतो. पुढचा सगळा व्यवहार मात्र एकाच नावाशी होतो. विसार त्या नावाला मिळतो, पोस्टरवर तेच छापले जाते, माइकवरून तेच पुकारले जाते. त्या नावामागे बँजो पार्टीत आठ-दहा आणि मोठ्या तमाशात शंभरावर माणसे असतात. त्यांतली पार्टीची माणसे कोण आणि रोजावर आलेली कोण, हे सहसा कुणी ठरवलेले नसते. पैसा वाढला, कुणी वारले किंवा पार्टी फुटली की प्रश्न निघतो आणि तोवर उत्तर देणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली असतात. पाश्चात्त्य रॉक बँडनी हाच वाद गेली साठ वर्षे वर्तमानपत्रांत आणि कोर्टांत घातला आहे. त्यांच्या भांडणांतून आपल्या फडांना आणि पार्ट्यांना घेण्यासारखे बरेच आहे. माझे म्हणणे असे की, सभासद कोण हे प्रसिद्धीवर, फोटोवर किंवा किती वर्षे वाजवले यावर ठरू नये. कार्यक्रम बुडाला तर कुणाचा खिसा रिकामा राहतो, यावर ते ठरावे. आणि जो सभासद नाही, त्याचेही नाव गाळण्याचा अधिकार कुणाला नसावा.

आधी रूढ कसोट्या तपासू. पहिली कसोटी फोटोची. इयान स्टुअर्ट हा पियानोवादक रोलिंग स्टोन्सच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी एक. 1963 मध्ये व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅमला सहा जणांचा बँड फार मोठा वाटला आणि स्टुअर्टचा चेहराही त्याच्या कल्पनेत बसेना. स्टुअर्टला अधिकृत यादीतून काढले गेले. तरीही 1985 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्यांच्यासाठी पियानो वाजवत राहिला आणि दौऱ्यांची व्यवस्थाही पाहत राहिला. 1989 मध्ये स्टोन्सचा अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा यादीत त्याचे नाव होते. फोटो खोटा होता, हे सव्वीस वर्षांनी मान्य झाले. दुसरी कसोटी वर्षांची. डॅरिल जोन्स 1994 च्या दौऱ्यापासून स्टोन्ससाठी बास गिटार वाजवतो आहे. बहुतेक बँडचे अख्खे आयुष्यसुद्धा एवढे नसते, तरी तो अधिकृत सभासद नाही. तिसरी कसोटी रंगमंचावरच्या हजेरीची. जून 1964 मध्ये रिंगो स्टार टॉन्सिलच्या दुखण्याने आजारी पडला आणि काही कार्यक्रमांत जिमी निकोल बीटल्सचा ड्रमर म्हणून बसला. हजारोंनी त्याला बीटल्सबरोबर पाहिले, पण म्हणून तो बीटल झाला नाही. चौथी कसोटी नावाची, आणि तिचा फोलपणा कळायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या विठाबाईंनी ज्या फडात नाव कमावले, तो भाऊ आणि बापू यांच्या, म्हणजे वडील व चुलत्यांच्या नावाचा. गर्दी विठाबाईंसाठी आणि पाटी भाऊ-बापूंची. पुढे विठाबाईंचा स्वतःचा फड झाला. पण पहिल्या फडात त्यांचे स्थान काय होते, हे पाटी वाचून कुणालाच सांगता आले नसते.

या कसोट्या फसतात, कारण आपण तीन वेगळे प्रश्न एकाच दावणीला बांधतो. निर्णयात आणि नफ्या-तोट्यात कुणाला धरायचे, हा सभासदत्वाचा प्रश्न. कामाचे पैसे किती, हा मानधनाचा. आणि हे कुणी वाजवले, कुणी गायले, हे जगाला सांगायचे की नाही, हा नावाचा. जिमी निकोलला पैसे मिळाले, पण सभासदत्व नाही. त्यात अन्याय काही नव्हता. स्टुअर्टला काम मिळाले, पण नाव नाही. त्यात अन्याय होता. दोघांना 'बाहेरचा माणूस' या एकाच खान्यात टाकले तर हा फरक दिसतच नाही. गावच्या बँजो पार्टीतही ऐन लग्नसराईत शेजारच्या पार्टीतला ताशेवाला दोन दिवसांसाठी आणला जातो, आणि कीबोर्डवर बसणारा पहिल्या सुपारीपासून तोच असतो. दोघांचा हिशेब 'आपली पोरं' एवढ्या दोन शब्दांत उरकणे मालकाच्या सोयीचे असते. पोरांच्या सोयीचे ते क्वचितच असते.

कायद्याकडे पाहिले तर उत्तराची दिशा सापडते. 1932 चा भारतीय भागीदारी अधिनियम कलम 6 मध्ये सांगतो की, भागीदारी आहे की नाही हे ठरवताना सर्व परिस्थिती एकत्र ध्यानात घेऊन माणसांमधले खरे नाते पाहावे. नुसता नफ्यातला हिस्सा मिळाल्याने कुणी भागीदार होत नाही. तो नोकराचा मोबदलाही असू शकतो. म्हणजे पाटी, पोस्टर, फोटो यांच्या पलीकडे जाऊन व्यवहार पाहायचा. याच अधिनियमाचे कलम 13 सांगते की, वेगळा करार नसेल तर भागीदारांनी नफा सारखा वाटून घ्यायचा आणि तोटाही सारखाच सोसायचा. हे कलम रॉक संगीताच्या इतिहासात फार गाजले, अर्थात आपले नव्हे तर इंग्लंडच्या 1890 च्या कायद्यातले त्याचे भावंड. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या चौघांच्या बँडमध्ये गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार हे ध्वनिमुद्रण व कार्यक्रमांच्या नफ्यातले प्रत्येकी 40 टक्के घेत. ड्रमर माइक जॉइस आणि बासवादक अँडी रूर्क यांना प्रत्येकी 10 टक्के मिळत. तोंडी तसे ठरले होते, असा मॉरिसी आणि मार यांचा दावा होता. जॉइस कोर्टात गेला. 1996 मध्ये निकाल लागला की, असमान वाटणी सर्वांनी मान्य केल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून तो समान भागीदार आहे आणि त्याला 25 टक्के मिळाले पाहिजेत. गाणी लिहिल्याबद्दलचे मॉरिसी आणि मारचे हक्क मात्र त्यांचेच राहिले. कागद नसला की कायदा बरोबरी गृहीत धरतो. प्रमुख कलाकाराने याची धास्ती घ्यावी आणि मागे बसणाऱ्याने याची आठवण ठेवावी.

आता माझी कसोटी. सभासद तो, ज्याच्या अंगावर तोटा येतो. पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट हा बँडच्या आरंभापासूनचा माणूस. 'द वॉल'च्या ध्वनिमुद्रणाच्या काळात त्याला बँडमधून बाहेर काढण्यात आले, पण 1980-81 च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत राहिला. प्रचंड भिंत उभारून ती पाडण्याचा तो खेळ इतका खर्चिक होता की उरलेल्या तिघांना तोटा झाला. कमाई झाली ती एकट्या राइटची, कारण त्याचा पगार ठरलेला होता. प्रेक्षकांच्या लेखी तो पिंक फ्लॉइडच होता, व्यवहारात त्या दोन वर्षांपुरता नव्हता. ज्याला तोट्याची झळ लागत नाही, त्याला सभासद म्हणता येत नाही, आणि तसे न म्हणण्यात त्याचा अपमानही नाही. या भागातल्या वाचकाला हे परके वाटू नये. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती या कारखान्यांनी सभासद म्हणजे काय याचे धडे इथल्या घराघरांत दिले आहेत. कारखान्यात राबणारा प्रत्येक जण सभासद नसतो आणि नावावर शेअर असलेला प्रत्येक जण खरा सभासद असतोच असे नाही. म्हणूनच 2013 च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात क्रियाशील सभासदाची कल्पना आणली. सभेला हजर राहणे आणि संस्थेच्या सेवा वापरणे यावर सभासदाचा दर्जा तोलला गेला. संस्थेच्या बऱ्या-वाईटात माणूस कितपत गुंतला आहे, हे पाहण्याचाच तो प्रयत्न होता.

ही कसोटी तमाशाच्या फडाला लावली की एक अवघड गोष्ट समोर येते. फडमालक म्हणतात, कर्ज आम्ही काढतो, ट्रक आमचे, तंबू आमचा, कलाकारांना उचल आम्ही देतो. मग बाकीचे सभासद कसे? म्हणणे बिनबुडाचे नाही. खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेऊन हंगाम उभा करणारे फडमालक देशोधडीला लागल्याचेही महाराष्ट्राने पाहिले आहे. ज्या फडात कलाकाराला पाऊस येवो, खेळ बंद पडो, ठरलेला पगार मिळतोच, तिथे धोका खरोखर मालकाचा आहे आणि तिथे कलाकाराला नोकर म्हणणे योग्यच. पण उलटी स्थितीही असते. खेळ झाला तर पैसे, नाही झाला तर जेवणावर भागवा, आणि हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरा फड धरू नका, असा व्यवहार जिथे असेल, तिथे अवकाळीच्या एका सरीने बुडालेल्या रात्रीचा तोटा ढोलकीवाल्याने आणि झीलकऱ्यानेही सोसलेला असतो. 2020 च्या टाळेबंदीत जत्रा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी लोककलावंतांना मोलमजुरीची वाट धरावी लागली. त्या तोट्यात ते धरले गेले, मग नफ्यात आणि निर्णयात का नाही? मालकाला दोन वाटा मोकळ्या आहेत. धोका स्वतःकडे ठेवायचा असेल तर पगार पक्का करावा. धोका वाटायचा असेल तर वाटाही द्यावा आणि कुठली सुपारी घ्यायची, किती रकमेला घ्यायची, यात मतही द्यावे. बुडताना सगळे भाऊ आणि तरताना एकटा धनी, ही तिसरी वाट बंद झाली पाहिजे. पैशाचा धोका घेण्याची गरिबाची ऐपत नसते, म्हणून या कसोटीने भांडवलवालाच सभासद ठरेल, असा आक्षेप कुणी घेईल. मला उलटे वाटते. गरीब कलाकार धोका घेतच आला आहे, फक्त तो कुणी वहीत मांडलेला नाही.

नावाचा प्रश्न यापासून वेगळा ठेवायला हवा आणि तिथे कसोटी सोपी आहे. ज्याने कला सादर केली, त्याचे नाव यावे, मग तो सभासद असो वा नसो. बीटल्सनी 1969 मध्ये 'गेट बॅक'ची तबकडी काढली तेव्हा त्यावर बिली प्रेस्टन या पाहुण्या वादकाचे नाव बँडच्या नावाबरोबर छापले. तो पाचवा बीटल झाला नाही आणि त्याच्या नावाने चौघांचे काही कमीही झाले नाही. नाव टाळले तर काय होते, याचा दाखला प्रोकोल हारम या बँडचा. 1967 च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातली ऑर्गनची धून मॅथ्यू फिशरची, पण संगीतकार म्हणून त्याचे नाव नव्हते. चाळीस वर्षे लोटल्यावर, 2009 मध्ये, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्या संगीताच्या स्वामित्वात त्याचा 40 टक्के वाटा मान्य केला. आपल्याकडे तर नावाचा हक्क थेट कायद्यात आहे. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात सादरकर्त्यांमध्ये नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा मोजले आहेत. 2012 च्या दुरुस्तीने या सादरकर्त्याला आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, असा हक्क दिला. ज्या कायद्याने गारुड्याला ओळख दिली, तो ढोलकीवाल्याला आणि हलगीवाल्याला वगळत नाही. जत्रेतल्या बँजोच्या ध्वनिचित्रफिती आता यूट्यूबवर पडतात. त्यांवर पार्टीचे नाव असते, साउंड सिस्टीमवाल्याचे असते, कधी मंडपवाल्याचेही असते. वाजवणाऱ्यांची नावे क्वचितच दिसतात.

यावर रसिकांच्या बाजूने आक्षेप येतो. लोक ज्याला ऐकायला येतात तोच खरा फड, बाकी कुणी असले काय, नसले काय. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ काळू-बाळू म्हणून गाजले. त्यांच्या तमाशाला येणाऱ्याला त्या दोघांचेच दर्शन हवे असे. ते मान्यच. शाहीर साबळ्यांचे नाव काढून पार्टी विकली गेली नसती. नाव मोठे असेल तर त्याला मानधन जास्त मिळावे, पोस्टरवर अक्षरे मोठी असावीत, त्याला हरकत नाही. पण लोकप्रियता ही मानधनाची कसोटी आहे, सभासदत्वाची नव्हे. तमाशात ढोलकीच्या थापेवाचून लावणी उभी राहत नाही, आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाला तितकाच तयार सरदार समोर नसेल तर बतावणी पडते. प्रेक्षकाला जो दिसतो, त्याच्यामागे न दिसणाऱ्यांचे काम असते, हे प्रेक्षकाला ठाऊक नसले तरी चालेल. फडाच्या वहीला ते ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न खरा चिघळतो तो फाटाफुटीच्या वेळी. 1985 मध्ये बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सने पिंक फ्लॉइड आता संपला असा दावा करून नाव वापरण्याला विरोध केला. शेवटी 1987 मध्ये तडजोड झाली आणि नाव डेव्हिड गिल्मर व निक मेसन यांच्याकडे राहिले. तमाशातही फडमालक तुकाराम खेडकर 1964 मध्ये गेल्यावर त्यांच्या पत्नी कांताबाई सातारकरांना पुढे स्वतःचा फड नव्याने उभा करावा लागला. पुढची पिढी उभी राहिल्यावर मुलाचे आणि आईचे नाव जोडूनच तो फड महाराष्ट्रभर ओळखला गेला. कन्हेरीच्या मारुतीला नारळ फोडून निवडणूक प्रचार सुरू करण्याची पवारांची रीत पाहिलेल्या या तालुक्याला तर नावाची वाटणी वेगळी समजावून सांगायला नको. 6 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक आयोगाने आमदारांचे संख्याबळ मोजून राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले आणि शरद पवारांच्या पक्षाला पुढे तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. पक्षाची निदान घटना असते, सभासद नोंदणी असते, निवाडा करायला आयोग असतो. तरी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बँजो पार्टीकडे यातले काहीच नसते. पार्टी फुटली की दोन्हीकडे तेच नाव छापले जाते आणि जत्रा कमिटीने विसार नेमका कुणाला दिला, यावर देवळासमोर भांडण होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. ही घरची, भावकीची, मैत्रीची पार्टी. कागद केला की विश्वास गेला. अनुभव मात्र जगभर उलटा आहे. स्मिथ्समध्ये चौघे मित्रच होते आणि कागद नव्हता म्हणूनच ते कोर्टात समोरासमोर आले. शिवाय कागद नसण्याचा फटका दुर्बळालाच बसतो. नोंदणी नसलेल्या भागीदारीला भागीदारी अधिनियमाच्या कलम 69 मुळे सुपारी बुडवणाऱ्यावर करारापोटी दावाही लावता येत नाही. म्हातारपणी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंताचे मानधन मागायला गेलेल्या झीलकऱ्याला आपण कलाकार होतो याचा पुरावा द्यावा लागतो. आयुष्यभर वाजवून एकाही पोस्टरवर, एकाही पावतीवर नाव नसेल, तर तो पुरावा आणणार कुठून? पुण्यातली ढोल-ताशा पथके सरावाची हजेरी मांडतात. त्यांच्या वादनातला जोर त्या वहीने कमी झालेला नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. हंगामाच्या आरंभी प्रत्येक पार्टीने आणि फडाने एक पान लिहावे: सभासद कोण, त्यांचा वाटा किती, पगारावर कोण, खेळ बुडाला तर कुणाला काय मिळेल, आणि पार्टी फुटली तर नाव कुणाकडे राहील. खाली सगळ्यांच्या सह्या असाव्यात. जत्रा कमिट्यांनी विसार देताना वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची यादी मागावी आणि ती कार्यक्रमाआधी माइकवरून वाचून दाखवावी. पैसा गावाचा असतो, तेव्हा तो कुणाच्या कलेसाठी दिला हे विचारण्याचा हक्कही गावाचा आहे. सगळ्यांना सभासद करा, असे माझे म्हणणे नाही. सभासद नसलेल्याला तोट्यात धरू नका आणि तोट्यात धरलेल्याला सभासद नाही असे म्हणू नका, एवढेच. येत्या चैत्राचा विसार घेण्याआधी ते एक पान लिहून झाले पाहिजे.